वाड्याचं छोटं संग्रहालय करायचंय? रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

जुना वाडा किंवा कोकणातलं चौसोपी घर लोकांना दाखवण्यासारखं करायचं, असं घरात ठरतं. मग दिवाळीच्या सुट्टीत सगळी भावंडं जमतात. माळा रिकामा होतो, तांब्यापितळेची भांडी चिंच लावून लख्ख होतात, खांबांना ऑइलपेंट आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा बसतो. सुतार काचेची कपाटं आणतो. चार दिवसांत घर चकचकीत होतं आणि त्यात बघण्यासारखं जे होतं त्यातलं निम्मं गेलेलं असतं. कुठली वस्तू कुठल्या कोनाड्यातली, भांड्यावर कोणाचं नाव कोरलेलं होतं, जुन्या पांढऱ्या सफेदीखाली काय होतं, हे पुन्हा कळत नाही.

यात हेतू वाईट नसतो, क्रम उलटा असतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा रेंगाळला तर रेंगाळू द्या, पण पुढचा आधी सुरू करू नका.

## टप्पा १: कागद, सह्या आणि कायदा

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा काढा. बहुतेक ठिकाणी त्यावर पणजोबांचंच नाव निघतं. आधी वारसनोंद करून घ्या. आत्या, बहिणी, त्यांची मुलं यांना यादीतून वगळू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. "ताईची काही हरकत नाही" हे तोंडी वाक्य ताईच्या मुलांना लागू होत नाही. हक्कसोडपत्र करायचंच असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं.

सगळ्यांनी हक्क सोडावा असं मात्र नाही. दादरच्या ‘राजगृहा’त तळमजल्यावर डॉ. आंबेडकरांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे आणि वर कुटुंब राहतं. गोव्यात चांदरच्या ब्रागांझा घराच्या दोन बाजू दोन शाखांकडे आहेत आणि दोन्हीकडचे लोक आपापली बाजू पाहुण्यांना दाखवतात. कोणत्या खोल्या दाखवायच्या, किल्ली कोणाकडे, खर्च कोण करणार, एखाद्याला वाटा विकायचा झाला तर काय, एवढं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

ट्रस्ट करावा का? माझं मत: पहिल्याच वर्षी नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण आलं आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज आला. स्थावर मिळकत एकदा न्यासाच्या नावावर गेली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. घर कुटुंबाकडे ठेवून संग्रहालय चालवायला न्यासाला भाडेपट्ट्याने देणं हा मधला मार्ग आहे. वकिलाला नेमकं तेवढंच विचारा.

त्यानंतर वस्तूंचा कायदा. इथे लोक सर्रास चुकतात.

- पुरावस्तू कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं महत्त्वाचं हस्तलिखित ‘पुरावस्तू’ ठरतं. त्यातल्या काही प्रकारांची, उदाहरणार्थ दगडी, धातूच्या, मातीच्या, हस्तिदंती मूर्ती, चित्रं आणि चित्रं असलेल्या पोथ्या, नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. देवघरातले जुने टाक आणि मूर्ती यात येऊ शकतात. नोंदणी केल्याने वस्तू सरकारजमा होत नाही. ती भीती काढून टाका.
- वाघाचं कातडं, सांबराची शिंगं, हस्तिदंत यांना वन्यजीव कायद्याखालचं स्वामित्व प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर भिंतीवर लावण्याआधी वकील गाठा.
- ठासणीची बंदूक किंवा तलवार दिवाणखान्यात मांडण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी विचारा.
- जमीन खणताना नाण्यांचा हंडा लागला तर तो आपोआप घरचा होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. दहाचा आकडा तेव्हापासूनचा आहे, हसू नका, कायदा चालू आहे.

शेवटी दोन परवानग्या. वाडा नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का ते पाहा. आणि जवळ केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर अंतर मोजा: शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित, आणि दुरुस्तीलाही परवानगी. शनिवारवाड्याच्या आसपासच्या घरमालकांना हे तोंडपाठ असतं, तालुक्याच्या गावात कोणाला माहीत नसतं.

> सूचना: वाड्यात जुने भाडेकरू असतील तर त्यांना धरूनच आराखडा करा. भाडे नियंत्रण कायद्याचा दावा आणि संग्रहालय एकाच वेळी चालत नाहीत.

## टप्पा २: काहीही न हलवता नोंद

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक गाळतात. बाकी कोणताही टप्पा चुकला तर पुढे दुरुस्त होतो, हा नाही.

क्रम असा:

१. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला बरोबर घेऊन घर फिरा. खोल्यांना त्या ज्या नावाने ओळखतात तीच नावं लिहा: ढाळज, ओसरी, सोपा, माजघर, बाळंतिणीची खोली, बळद, परस. आर्किटेक्टच्या नकाशावर ‘रूम ३’ येऊ देऊ नका.

२. हाताने नकाशा काढा. पावलांनी मोजलेला चालेल, पण खण (दोन खांबांमधली जागा) मोजा आणि प्रत्येक खोलीला छोटं चिन्ह द्या: मा, सो, दे.

३. प्रत्येक खोलीचे फोटो: चार भिंती, चार कोपरे, कडीपाट (लाकडी छत), जमीन. मग प्रत्येक कोनाडा, फडताळ, खुंटी जवळून. वस्तूच्या शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. जाळं-जळमट तसंच असू द्या. खुंटीखालचा तेलकट डाग हाही पुरावाच आहे, तिथे कोणाची तरी पगडी किंवा कंदील वर्षानुवर्षं टांगलेला होता.

४. वस्तू जिथे आहे तिथे असतानाच यादीत घ्या: ‘मा–उत्तर फडताळ–वरून दुसरा खण–पितळी डबा’.

५. आता बोलणं रेकॉर्ड करा. "घराण्याचा इतिहास सांगा" असं विचारलंत की तेच चार पराक्रम ऐकायला मिळतील. त्याऐवजी एक दिवस विचारा. पहाटे आधी कोण उठायचं, पाणी कोण आणायचं, जातं कुठे होतं, लोणच्याच्या बरण्या कोणत्या कोपऱ्यात, पावसाळ्यात सरपण कुठे. मग अवघड प्रश्न: या खोलीत कोणाला यायला बंदी होती? मागच्या दाराने कोण यायचं आणि कुठवर? विटाळ, सोवळं, विधवा, जात ही सगळी उत्तरं घराच्या रचनेत बसलेली असतात आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतात.

> तपासणी: तुमची वही आणि फोटो एका परक्या माणसाला द्या. घर रिकामं झालं तर केवळ त्यावरून तो माजघर पुन्हा लावू शकेल का? नसेल तर टप्पा ३ ला हात लावू नका.

## टप्पा ३: पाणी थांबवा

वाडा ओलीने पडतो, म्हातारपणाने नाही. त्यामुळे पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात आणि काम नोव्हेंबर ते मे. दिवाळीत कोरड्या भिंती बघून दिलेला अंदाज निरुपयोगी.

पाहणी वरून खाली करा. आधी कौलं: फुटकी, सरकलेली. मग रिपा, वासे, आढं. मग पन्हळी: पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उलटतंय का? मग चौक. चौकातली मोरी हे सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण. मध्ये कधीतरी कोणीतरी फरश्या टाकून उतार उलटा केलेला असतो आणि पाणी जोत्यात मुरत असतं. शेवटी खांबांचे बुंधे तळखड्यापाशी आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं. टोचणीने टोचून बघा. ती लोण्यात शिरल्यासारखी गेली तर लाकूड आतून गेलंय, वरचा रंग काहीही सांगो.

धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायच्या आधी जुना खरवडा. थरावर थर चढत गेले की वजनानेच तुळया वाकतात.

भिंती. माती किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आत आलेली ओल बाहेर पडायला जागा मागते. सिमेंट ती अडवतं, ओल वर चढते, क्षार फुलतात आणि दोनतीन पावसाळ्यांत गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच गळतो. चुन्याची भिंत चुन्यानेच दुरुस्त होते. चुना नीट विरवलेला, भरपूर दिवस भिजवलेला आणि मळलेला हवा. गूळ, बेलफळ, हिरडा किती घालायचा ते चुन्याचं काम केलेल्या गवंड्याला ठरवू द्या, मोबाइलवरच्या कृतीवरून नाही. त्याने आधी केलेलं, निदान एक पावसाळा पाहिलेलं काम स्वतः जाऊन बघा. वरून चुन्याची सफेदी. प्लॅस्टिक पेंट नको.

सफेदी खरवडण्याआधी थांबा. वाई, मेणवली, सातारा या पट्ट्यात वाड्यांच्या भिंतींवर मराठेशाहीतली चित्रं आहेत. कुठल्याही जुन्या दिवाणखान्यात किंवा देवघरात आडबाजूला तळहाताएवढी जागा बोथट पात्याने हळूहळू मोकळी करून बघा. खाली लाल, हिरवा, पिवळा रंग दिसला तर काम बंद. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या शाखाही आहेत. फोटो पाठवून सल्ला मागा.

लाकूड. ऑइलपेंट, चकचकीत पॉलिश दोन्ही नको. कोरड्या ब्रशने धूळ, मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात.

> धोका: जवसाच्या तेलात भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

स्ट्रक्चरल इंजिनिअर लाकडी सांगाड्याचं काम केलेला निवडा. काँक्रीटच्या सवयीचा माणूस पहिल्या भेटीत ‘पाडा’ म्हणतो. त्याच्याकडून लेखी एकच आकडा हवा: माडीवर एका वेळी किती माणसं. तो टप्पा ७ मध्ये लागेल.

## टप्पा ४: वाळवी आणि वीज

दोन्ही कामं वस्तू परत मांडायच्या आधी. वाळवीची मातीची नळी दिसली की नुसती पुसू नका, कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा तिच्या मुळाशी टप्पा ३ मधली राहून गेलेली ओल असते. औषध जमिनीत आणि भिंतीच्या पायात मारून घ्या, वस्तूंवर फवारू देऊ नका.

जुनं लाकडी पट्टीतलं वायरिंग दिसायला छान असतं. ते शोभेला ठेवा आणि प्रवाह नव्या तांब्याच्या तारेतून, एमसीबी आणि गळती-संरक्षक बसवून न्या. कोरीव लाकडात खाचा पाडू नका. कागद आणि कापड असलेल्या खोलीबाहेर कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा, पावडर सगळीकडे बसते आणि निघता निघत नाही. देवघरात समई चालू ठेवायची असेल तर माणूस तिथे असतानाच.

## टप्पा ५: वस्तूंना क्रमांक, मग साफसफाई

पानांवर छापील क्रमांक असलेली बांधीव वही घ्या, शाईने लिहा. संगणकावर प्रत ठेवाच, पण मूळ वही. क्रमांक साधा, साल आणि अनुक्रम: २०२५.१४. झाकणाचा डबा असेल तर २०२५.१४अ आणि १४आ, नाहीतर वर्षभरात झाकणं आणि डबे वेगळे होतात. रकाने: क्रमांक, वस्तू, घरातलं नाव, कुठे होती (टप्पा २ चं चिन्ह), माप, स्थिती, कोणी दिली, आता कुठे आहे.

क्रमांक कसा लिहायचा:

- कागद, फोटो: मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने.
- कापड: सुती नाडीच्या तुकड्यावर लिहून कडेला दोन टाके.
- धातू, लाकूड, चिनी माती: न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक लाखेचा थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर. जमत नसेल तर दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

स्टिकर आणि मार्कर पेन घराबाहेर ठेवा.

धातू. चिंच, लिंबू, राख, पावडर बंद. प्रत्येक घासण्याने थोडा धातू जातो आणि त्याबरोबर नाव. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव, प्रसंग, कधी सालही घालायची पद्धत आहे. लग्नातल्या घंगाळावरचं फिकट झालेलं नाव हा त्या वस्तूचा निम्मा इतिहास आहे. तिरप्या उजेडात त्याचा फोटो काढा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.

कागद. माळ्यावर रुमाल निघाले, म्हणजे फडक्यात बांधलेली दफ्तरं, तर सगळे एकदम सोडू नका. गठ्ठ्यातला क्रम हीच माहिती असते: कोणती पावती कोणत्या पत्राला जोडून ठेवली होती हे त्यावरूनच कळतं. नाना फडणविसांच्या मेणवलीच्या वाड्यातून मेणवली दफ्तर निघालं, तुमच्याकडे तेवढं नसेल, पण गावाच्या कुळांचा हिशेब नक्की असू शकतो. एक रुमाल सोडा, वरून खाली क्रमाने फोटो काढा, तसाच बांधा, मग दुसरा. मोडी वाचायला मूळ कागद हातोहात फिरवू नका, फोटो पाठवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथे मोडीची जाणकार माणसं भेटतात.

> कधीही नाही: लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपलर, फेविकॉल. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही.

कापड. पैठणी घडीत ठेवली की जरीची तार घडीवर चिरते. धुतलेल्या, न रंगवलेल्या मांजरपाटात गुंडाळलेल्या जाड नळीवर ती सैल गुंडाळा. इस्त्री नको, हँगर नको. कसर किंवा भुंगा दिसलेली कोणतीही वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळ्या खोलीत ठेवा, दहा वस्तूंना लागण होण्यापेक्षा एकीचा खोळंबा बरा.

आणि एक सामाजिक अडचण. बातमी पसरली की नातेवाईक आपापल्या माळ्यावरचं सगळं पाठवतात. महिनाभरात तुमच्याकडे सात पाटे-वरवंटे आणि अकरा तुटके कंदील जमतील. या घराशी वस्तूचा संबंध काय, हे देणाऱ्याला लिहून देता येत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. घेतलीत तर सहीचं दानपत्र घ्या, ‘परत मागणार नाही’ या वाक्यासह.

## टप्पा ६: काय दाखवायचं

तीन खोल्यांपासून सुरुवात करा. चौदा खोल्या एकदम उघडणाऱ्यांच्या अकरा खोल्या वर्षभरात गोदाम होतात.

प्रत्येक खोलीला एक काळ ठरवा. माजघर १९३० सालचं की १९६० सालचं? जात्याशेजारी रेडिओ आणि त्याच्यावर प्लॅस्टिकची फुलं असं झालं की कोणताच काळ उरत नाही. स्वयंपाकघर स्वयंपाकघरच राहू द्या, चुलीजवळ फुंकणी, शिंकाळ्यात गाडगी. काचेचं कपाट चोरी होण्यासारख्या आणि हाताळून मोडणाऱ्या वस्तूंपुरतं. सोन्याचे दागिने घरात नकोतच, लॉकरमध्ये ठेवा आणि फोटो लावा.

कागद, कापड, फोटो यांच्यावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे डोळे जरा सरावल्यावर वाचता येईल इतकाच. थेट ऊन अजिबात नको. मूळ पत्राची चांगली छापील प्रत फ्रेममध्ये लावा, मूळ पेटीत. मात्र ‘प्रत’ असं तिथे लिहा. जुन्या बाजारातून आणलेली वस्तू असेल तर तेही लिहा.

पाटी चाळीस-पन्नास शब्दांची, आधी मराठीत. ‘प्राचीन’, ‘दुर्मिळ’, ‘वैभवशाली’ हे शब्द खोडा. कोणी वापरली, कशासाठी, कधी बंद झाली हे लिहा. घरी कुळं होती तर कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कुळं जमिनीची मालक ठरली तो दिवस, यांची पाटी हवीच. त्या दिवशी या घराचं उत्पन्न बदललं असेल आणि गावातल्या दुसऱ्या घरांचंही. पाणी भरणारी, दळणारी माणसं फोटोत नसली तरी पाटीवर असू द्या. फक्त गहाणखतं आणि कर्जाच्या वह्या उघड्या ठेवताना नावं झाका, त्या माणसांची नातवंडं त्याच गावात राहतात.

> तपासणी: गावातल्या एका आजींना आणि एका आठवीच्या मुलाला पाट्या वाचायला द्या. आजी जिथे "असं नव्हतं हो" म्हणतील तिथे, आणि मुलगा जिथे थांबेल तिथे, पाटी पुन्हा लिहा.

## टप्पा ७: दार उघडणं

- वाट एकेरी ठेवा. उंच उंबरठे आणि बुटक्या चौकटी बदलू नका, तिथे सूचना आणि माणूस ठेवा.
- माडीवर इंजिनिअरने लिहून दिलेल्या आकड्याइतकीच माणसं. शाळेची सहल आली तरी तेवढीच.
- स्वच्छतागृह परसात, वाड्याच्या भिंतीला न टेकता.
- आठ-दहा जणांचा गट आणि बरोबर घरचं किंवा गावातलं एक माणूस, ज्याला पगार आहे. ‘सेवाभावी’ माणूस श्रावणात गायब होतो.
- ठरलेलं छोटं तिकीट लावा. नुसती दानपेटी वीजबिलही भरत नाही.
- पहिले सहा महिने महिन्यातून एक दिवस. अभिप्रायाच्या वहीबरोबर दुसरी वही ठेवा: काय मोडलं, काय सरकलं, कोण कुठे अडखळलं.

## टप्पा ८: वर्षाचं वेळापत्रक

मेअखेर कौलं शाकारून घ्या, पन्हळी आणि चौकाची मोरी साफ करा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कोपऱ्यातल्या भिंती आणि कपाटांच्या मागची बाजू बघा, उघडीप असेल त्या दिवशी खिडक्या उघडा. ऑक्टोबरच्या उन्हात पोथ्या आणि साड्या वाळत घालायची जुनी सवय आहे, पण सावलीत, वाऱ्यावर ठेवा, उन्हात नाही. दर तीन महिन्यांनी मांडलेली कापडं बदला.

मार्चमध्ये वही घेऊन मोजदाद करा. यादीतून कोणत्याही पन्नास नोंदी निवडा आणि वस्तू शोधा. मग उलट, घरातल्या कोणत्याही पन्नास वस्तू उचला आणि वहीत शोधा. दोन्ही वेळा न जुळलेल्या नोंदी लाल शाईने लिहा, मोजणाऱ्या दोघांनी तारखेसह सही करावी, आणि त्या दोघांतला एक तरी कुटुंबाबाहेरचा असावा.